गच्चीवरचा कॅन राहू दे, आधी टाकी बनव

प्रिय पोरा,

अनेक आशीर्वाद.

पुण्यात मित्रांबरोबर ताजी क्राफ्ट बिअर प्यायलास आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही येत नाही, हे वाचून मला मनापासून आनंद झाला. घरीच बिअर आंबवायला गच्चीवर वीस लिटरचा कॅन मांडून सुरुवात करू का, असं तू विचारलंयस. नको करू. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. ते विकलं नाही, फक्त घरच्यांनी प्यायलं, म्हणून सूट मिळत नाही. ज्या माणसाला उद्या याच धंद्यात परवाना मागायला उत्पादन शुल्क खात्याच्या दारात उभं राहायचंय, त्याने आज गच्चीवर लपवालपवी करू नये.

तू म्हणशील, काका तुम्ही स्वतः घरी बिअर करत होता की. करत होतो, पण अमेरिकेतल्या मिलवॉकीत, जिथे ती मोकळीक आहे. फाउंड्रीच्या नोकरीमुळे त्या गावात राहिलो. तिथे घरी बिअर करणाऱ्यांचा क्लब होता आणि महिन्यातून एकदा सगळे आपापल्या बाटल्या घेऊन जमायचे. त्या मंडळीत मान कुणाला मिळायचा, हे मी बारकाईने पाहिलं आहे. बिअर तर सगळेच करायचे. मान मिळायचा तो दुसऱ्याच्या बिअरला उपयोगी पडणाऱ्याला. एकजण पंप दुरुस्त करून द्यायचा. एक बाई नुसत्या वासावरून चूक कुठे झाली ते सांगायच्या. एक म्हातारे गृहस्थ गावातल्या छोट्या ब्रुअरीत, म्हणजे बिअरच्या कारखान्यात, शनिवारी जाऊन पिंपं धुवायचे आणि त्या बदल्यात ब्रुअरकडून असं काही शिकायचे जे आम्हाला कुणालाच ठाऊक नसायचं. तू आत शिरायचं ते या दारातून, आणि त्यासाठी घरात एक थेंबही आंबवायची गरज नाही.

केन ग्रॉसमनचं उदाहरण तुझ्यासाठी मुद्दाम देतो. या माणसाने १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या चिको गावात घरी बिअर करणाऱ्यांसाठी सामानाचं दुकान काढलं. पुढे सिएरा नेवाडा ब्रुअरी उभी केली आणि १९८० मध्ये तिथली पहिली बिअर शिजवली. नव्या टाक्या घ्यायला पैसा नव्हता, म्हणून डेअरीचं जुनं सामान गोळा केलं, वेल्डिंग शिकला आणि बरंचसं स्वतःच्या हाताने जोडलं. आता तू कुठे बसलायस बघ. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं फॅब्रिकेशनचं शॉप, गोकुळ शिरगावला दूध संघाचा प्लांट, जिल्हाभर साखर कारखाने. ग्रॉसमनला जे हुडकत फिरावं लागलं ते तुझ्या दारात पडलंय.

म्हणून पहिलं वर्ष टाकीला दे. तुमच्या शॉपमध्ये ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचं काम होतं, पण टिग वेल्डिंग करताना आतून हवा लागू नये म्हणून तुम्ही आतल्या बाजूने आर्गॉन वायू सोडता का? बहुतेक ठिकाणी सोडत नाहीत. बाहेरून वेल्ड चांदीसारखा दिसतो आणि आतून तो काळा, दाणेदार, भाजल्यासारखा झालेला असतो. पाण्याच्या टाकीला हे चालून जातं. बिअरच्या टाकीत त्या दाण्यांच्या फटीत जंतू घर करतात आणि कितीही धुतलं तरी निघत नाहीत. आत हात घालून वेल्डवरून नख फिरव. नख अडकलं तर ती टाकी नापास. अन्नाला लागणाऱ्या पृष्ठभागाचा खडबडीतपणा ०.८ मायक्रॉनच्या आत असावा असा दंडक आहे. तो मोजायचं यंत्र तुमच्या भागातल्या एखाद्या मशीन शॉपमध्ये नक्की सापडेल.

त्यानंतर धुणं. एखाद्या डेअरीत ओळख काढून प्लांट धुतात ते एकदा पूर्ण बघ. आधी पाणी, मग गरम कॉस्टिक सोडा, पुन्हा पाणी, मग ॲसिड, शेवटी निर्जंतुकीकरण. दुधाच्या टाकीत पांढरा खडा धरतो तसाच बिअरच्या टाकीतही धरतो. तो कॅल्शियम ऑक्झलेटचा असतो आणि त्यालाही ॲसिडच लागतं. एक गोष्ट मात्र डेअरीत दिसणार नाही, ती इथे सांगतो, कारण तिच्यात टाकी जाते आणि माणूसही जाऊ शकतो. बिअर काढून घेतल्यावर टाकीत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तशाच बंद टाकीत कॉस्टिक फिरवलं तर ते हा वायू शोषून घेतं, आत निर्वात पोकळी होते आणि चांगली जाड पत्र्याची टाकी क्षणात आत चेपते. गरम टाकीवर एकदम थंड पाणी मारलं तरी तेच होतं. म्हणून आधी वायू बाहेर काढायचा, वरचा व्हेंट, म्हणजे हवा आत-बाहेर जायची तोटी, उघडा ठेवायचा, मगच धुवायला घ्यायचं. आणि ज्या टाकीत वायू आहे तिच्यात डोकं घालायचं नाही. कधीच नाही. हे तू शॉपमधल्या पोरांनाही शिकव.

आता शिजवण्याबद्दल. यीस्ट घालण्याच्या अलीकडचं सगळं तू घरी करू शकतोस, कारण तोवर ते नुसतं गोड धान्याचं पाणी आहे. माल्ट करायची रीत तर आपल्या घरांत आहेच. नाचणीचं सत्त्व करताना नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळतात, बार्लीचंही तेच. बार्लीचं एक किलो माल्ट भरड दळून घे. अर्धं ६३ अंशाच्या पाण्यात तासभर ठेव, अर्धं ७० अंशाच्या. दोन्ही गाळून हायड्रोमीटर (साखरेने पाणी किती जड झालंय ते मोजणारी नळी) लाव आणि चाखून बघ. कमी तापमानात यीस्टला खाता येईल अशी साखर जास्त निघते आणि बिअर हलकी, कोरडी होते. जास्त तापमानात न आंबणारा भाग जास्त उरतो आणि बिअर तोंडात भरीव लागते. हायड्रोमीटरचा आकडा वाचायची सवय आत्ताच लाव. १.०४८ पासून सुरू झालेली बिअर १.०१० ला थांबली तर तिच्यात साधारण ५ टक्के अल्कोहोल आहे, हे गणित तोंडपाठ हवं. पाणी महापालिकेच्या नळाचं असेल तर कार्बन फिल्टरमधून घे. क्लोरीन राहिलं तर पुढे बिअरला दवाखान्यातल्या पट्टीसारखा वास येतो.

हंगामात एक दिवस गुऱ्हाळावर घालव. काहिलीत रस उकळत असताना गुळव्या रानभेंडीचं चिकट पाणी कधी घालतो, मळी कशी काढतो, हे उभं राहून बघ. बिअर उकळताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत समुद्री शेवाळ घालतात तेही स्वच्छ करण्यासाठीच, फक्त तिथे गाळ वर न येता खाली बसतो. आणि गुळव्या थर्मामीटर न लावता गूळ कधी उतरवायचा ते ठरवतो. त्याच्याशी आदराने बोल, त्याला विचार.

गूळ बिअरमध्ये घालायची तुझी कल्पना चांगली आहे, पण हात आखडता ठेव. कोल्हापुरी गुळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे, नाव आहे, म्हणून तो घातला की बिअर आपोआप कोल्हापुरी होईल असं नाही. गुळातली जवळजवळ सगळी साखर यीस्ट खाऊन टाकतं, त्यामुळे बिअर पातळ आणि कोरडी होते. एकूण साखरेच्या दहाव्या हिश्शाइतका गडद गूळ, तोही उकळी संपताना घातला, तर वास टिकतो. मला स्वतःला ज्वारीत जास्त दम वाटतो. नायजेरियाने १९८८ मध्ये बार्ली माल्टची आयात बंद केली तेव्हा तिथल्या ब्रुअऱ्या ज्वारीवर वळल्या. मिलवॉकीच्या लेकफ्रंट ब्रुअरीने ज्वारी आणि तांदळाची ग्लुटेनमुक्त बिअर बाजारात आणली. ही ब्रुअरीसुद्धा घरी बिअर करणाऱ्या दोन भावांनी १९८७ मध्ये काढलेली. ज्वारीचा स्टार्च बार्लीपेक्षा जास्त तापमानाला फुलतो, म्हणून ती आधी वेगळी शिजवून घ्यावी लागते. भाकरीला पीठ उकडीचं का घेतात ते आजीला विचार, निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

जीभ तयार करण्याचं काम मात्र चैनीचं समजू नकोस. तुझी एकवीस पूर्ण आहेत, पिण्याचा परवाना काढ, आणि चाखायचं तेव्हा घोटभरच चाखायचं. गाडी चालवायची असेल त्या दिवशी तेही नाही. तीन ग्लास घे, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, आणि डोळे मिटून वेगळी कोणती ते ओळख. सुरुवातीला चुकशील, चुकू दे. लोण्यासारखा किंवा बटरस्कॉचसारखा वास आला तर बहुधा यीस्टला काम पुरं करायला वेळ दिलेला नाही. कच्च्या सफरचंदाचा वास आला तरी बहुतेक वेळा घाईच. उकडलेल्या मक्याचा आला तर उकळी कमी पडली किंवा झाकण ठेवून उकळलं. ओल्या पुठ्ठ्याचा आला तर हवा लागली. लवंग आणि केळ्याचा वास जर्मन गव्हाच्या बिअरमध्ये हवाच असतो, तो दोष म्हणून सांगितलास तर ब्रुअर तुला पुन्हा विचारणार नाही.

अमेरिकेत १९८५ पासून बिअरच्या परीक्षकांची एक संस्था आहे. त्यांच्या गुणपत्रिकेत ५० पैकी चवीला २०, वासाला १२ आणि दिसण्याला फक्त ३ गुण असतात. तू पाठवलेल्या फोटोंत सगळा भर फेसावर आणि रंगावर आहे म्हणून हे लिहिलं. पुढच्या वेळी फोटो नको, चार ओळी लिही: वास कसा होता, पहिला घोट, मागे उरलेली चव, आणि तुला ती का आवडली.

पुण्याला जात राहा. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअऱ्यांपैकी (छोट्या ब्रुअऱ्यांपैकी) एक, डूलाली, २००९ मध्ये तिथेच सुरू झाली आणि त्यानंतर पुण्यात या कामाची माणसं तयार होत गेली. गिऱ्हाईक म्हणून जाऊन ब्रुअरला गर्दीच्या वेळी प्रश्न विचारत बसू नकोस. मधल्या वारी सकाळी जा, काय काम करतोस ते सांग आणि कुठला व्हॉल्व्ह गळतोय ते विचार. प्रत्येक ब्रुअरीत एक तरी गळत असतो. तो दुरुस्त करून दे. जमलं तर त्यांच्या चोथ्याचं काय होतं तेही बघ. माल्टचा चोथा जनावरं आवडीने खातात, पण ओला असल्याने दोन दिवसांत आंबतो, त्यामुळे वेळेवर उचलणारा माणूस ब्रुअरीला हवाच असतो. म्हशींच्या गावातल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको.

कायद्याचा तुला राग आलाय, तो मला समजतो. अमेरिकेतही घरी बिअर करायला १९७८ पर्यंत केंद्राची परवानगी नव्हती. त्या वर्षी अध्यक्ष कार्टर यांची सही झाली, आणि तरीही मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची राज्यं मोकळी व्हायला २०१३ उजाडलं. तिथल्या लोकांनी अर्ज केले, आमदारांना भेटले, वर्षानुवर्षं भेटत राहिले. आपल्याकडे तसं व्हावं असं मलाही फार वाटतं, आणि तू कधी निवेदन लिहायला बसलास तर माझी सही पहिली घे.

घरी मात्र सगळं सांग. आईला माझ्याकडून सांग की पोरगं प्यायला शिकत नाहीये, यंत्र बनवायला शिकतंय. त्यांना शंका असेल तर मी येऊन बोलतो.

आता काम. दोनशे लिटरच्या, कोनाकृती तळाच्या टाकीचं ड्रॉइंग करून पाठव. तळाचा कोन ६० अंश ठेव म्हणजे यीस्ट नीट खाली उतरेल. वेल्ड कुठे कुठे येतात ते लाल पेन्सिलने दाखव, आणि पाणी कुठे साचून राहील ते निळ्या. व्हेंट विसरू नकोस. रविवारी दहानंतर मी घरीच असतो.

तुझा,
काका