मॉर्फिन घड्याळावर, पोटाचं औषध पहिल्याच दिवसापासून

प्रश्न : बाबांना (वय ७१) फुफ्फुसाचा कॅन्सर आहे, हाडांत पसरलाय. मॉर्फिनची १० मिलिग्रॅमची गोळी दर ४ तासांनी लिहून दिली आहे. आई म्हणते सवय लागेल, म्हणून फारच कळ आली तर देतो. ६ दिवस पोट साफ नव्हतं, इसबगोल चालू होतं. काल थोडं पातळ झालं म्हणून तेही थांबवलं. जेवत नाहीत. चाळीत संडास सामाईक, गॅलरीच्या टोकाला.
— एक वाचक, लालबाग

उत्तर : आधी पोट; जेवण बहुधा तिथंच अडलंय. मॉर्फिनने आतडं मंदावतं. गुंगी, मळमळ काही दिवसांत ओसरते, बद्धकोष्ठता मात्र गोळी चालू असेपर्यंत राहते. म्हणून पहिल्या गोळीपासूनच बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं आतडं हलवणारं औषध लागतं. कागदावर नसेल तर मागून घ्या. इसबगोलाला भरपूर पाणी हवं. ते पोटात गेलं नाही तर मंद आतड्यात त्याचा गोळाच बसतो. कालचे जुलाब नसावेत. खाली खडा अडकला की पातळ मळ कडेने झिरपतो. डॉक्टर किंवा नर्सकडून आजच तपासून घ्या. एनिमा द्यायचा का, ते ठरवतील. पोट फुगलंय, उलट्या होताहेत, वारा सरत नाही, असं असेल तर घरी काही न देता थेट हॉस्पिटल.

कमोडची खुर्ची भाड्याने मिळते. खाटेशेजारी ठेवा, पडदा लावा. सकाळच्या चहानंतर वीसेक मिनिटांनी बसवा, पायांखाली पाट द्या. चारचौघांदेखत गॅलरीतून जायला नको म्हणून दाबून धरणारे रुग्ण कमी नाहीत.

आता गोळी. सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०. दुखणं चढू दिलं की उतरवायला जास्त औषध लागतं. रात्री २ वाजता उठवावं लागू नये म्हणून १० वाजता दुप्पट डोस चालेल का आणि मध्येच कळ आली तर किती द्यायचा, दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या. आईंना सांगा, दुखण्यासाठी वेळेवर घेतलेली गोळी म्हणजे व्यसन नव्हे. शरीर सरावतं हे खरं, म्हणून ती एकदम बंद करत नाहीत, डोस हळूहळू कमी करतात. लघवी फार कमी झाली, हाकेला जाग येईना किंवा श्वास मंदावला, तर पुढची गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना फोन करा.

प्रश्न : आईचं तोंड सतत कोरडं, जिभेवर पांढरा थर.
— एक वाचक, भांडुप

उत्तर : ग्लासभर पाण्यात पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ. त्यात मऊ ब्रश बुडवून दर २ तासांनी हलकेच फिरवा. लिंबू-ग्लिसरीन नको, तोंड आणखी सुकतं. थर तसाच राहिला, जळजळ झाली, तर बुरशी असू शकते. तिला औषधच लागतं.