सुखोथायचे राज्य दोनशे वर्षांतच का संपले?

थाई लोक ज्याला आपले पहिले राज्य मानतात, ते सुखोथाय रामखम्हेंग राजाच्या पश्चात इतक्या झपाट्याने का खचले, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्याचे उत्तर त्या राज्याच्या घडणीतच आहे.

इ.स. १२३८ च्या सुमारास दोन थाई सरदारांनी ख्मेर (आजच्या कंबोडियातल्या) साम्राज्याचा अंमल झुगारून दिला आणि त्यांपैकी एक श्री इंद्रादित्य या नावाने गादीवर बसला. त्याचा मुलगा रामखम्हेंग याच्या नावे १२९२ चा एक शिलालेख आहे. बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयातला तो कमरेएवढा चौकोनी दगड मी बराच वेळ न्याहाळला आहे. काही अभ्यासकांनी त्याच्या अस्सलपणाबद्दल शंका घेतली असली, तरी त्यातला एक तपशील मला फार बोलका वाटतो: नगराच्या वेशीवर घंटा टांगलेली असे, कोणाही गाऱ्हाणे असलेल्या माणसाने ती वाजवावी आणि राजाने स्वतः येऊन निवाडा करावा.

ही व्यवस्था हृद्य आहे, पण तिच्यात राजा आणि प्रजा यांच्यामध्ये कोणी नाही. दूरचे सरदारही असेच थेट राजाशी बांधलेले होते. आपल्याकडच्या मांडलिकांप्रमाणे त्यांची निष्ठा राज्यापेक्षा त्या पुरुषाशी होती, त्यामुळे १२९८ च्या सुमारास रामखम्हेंग वारल्यावर एकेक प्रदेश अलगद गळून पडला. त्याचा नातू लिथाय विद्वान आणि धर्मनिष्ठ होता, परंतु गेलेले प्रदेश परत जोडणे त्याला पूर्णपणे साधले नाही.

दक्षिणेत १३५१ मध्ये तीन नद्यांच्या वेढ्यात वसलेल्या अयुथ्याला समुद्राकडून येणाऱ्या व्यापाराचा पैसा मिळत होता. १३७८ मध्ये सुखोथाय तिचे मांडलिक झाले आणि १४३८ मध्ये अयुथ्येचा राजपुत्र सुखोथायच्या प्रदेशातल्या फित्सनुलोक या शहरातून तिथला कारभार पाहू लागला. त्याची आई सुखोथायच्या राजघराण्यातली होती, म्हणजे हे विलीनीकरण तलवारीइतकेच सोयरिकीनेही झाले. हाच राजपुत्र पुढे त्रैलोकनाथ राजा झाला आणि त्याने दासापासून युवराजापर्यंत प्रत्येकाचा दर्जा जमिनीच्या आकड्यात बांधून दिला. अयुथ्या १७६७ पर्यंत टिकली, याचे बरेचसे श्रेय मी या कारभाराला देतो.

सुखोथायचे घराणे मात्र संपले नव्हते. १५६९ मध्ये ब्रह्मदेशाच्या बयिन्नौंगने अयुथ्या घेतली, तेव्हा त्या घराण्यातला फित्सनुलोकचा अधिपती महाधर्मराजा त्याच्या बाजूने होता. अयुथ्येची गादी त्यालाच मिळाली, आणि १५८४ मध्ये ब्रह्मी वर्चस्व झुगारणारा नरेसुआन हा त्याचाच मुलगा.