पापांची क्षमा झाली असेल, तर शेवटचा न्याय कशासाठी?

येशू ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्याला पापांची क्षमा मिळते असे ख्रिस्ती लोक मानतात, तर मग शेवटच्या न्यायाची, म्हणजे अखेरीस देव सर्वांचा न्याय करील त्याची, चिंता त्यांना का असावी आणि त्या श्रद्धेने रोजच्या जगण्यात काय फरक पडतो, असे आपण विचारले आहे. मी स्वतः विश्वासणारा आहे आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो.

बायबलच्या नव्या करारात या दोन्ही गोष्टी एकाच माणसाने लिहिल्या आहेत. जे ख्रिस्तामध्ये आहेत त्यांना दंडाज्ञा नाही, असे प्रेषित पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात ठामपणे सांगतो आणि त्याच पत्राच्या चौदाव्या अध्यायात, आपल्यातील प्रत्येक जण देवाला आपापला हिशेब देईल, असेही बजावतो. दंड माफ होणे वेगळे आणि जाब द्यावा लागणे वेगळे, हे त्याने गृहीतच धरले आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात तर तो म्हणतो की प्रत्येकाच्या कामाची अग्नीने परीक्षा होईल आणि ज्याचे काम लाकूड, गवत, पेंढा यांचे असेल त्याचे ते जळून जाईल, तरी तो स्वतः तारला जाईल. तारण कृपेने मिळते, पण म्हणून आयुष्याचे काय केले हा प्रश्न पुसला जात नाही.

हा न्याय केव्हा आणि कोणत्या क्रमाने होईल याविषयी निरनिराळ्या पंथांत मतभेद आहेत. रोमन कॅथलिक शिकवणीत मृत्यूनंतर लगेच होणारा व्यक्तिगत न्याय आणि अखेरीस होणारा सर्वांचा न्याय असे दोन सांगितले जातात. आपल्या प्रश्नापुरते ते बाजूला ठेवता येईल.

माझे मन नेहमी अडते ते मत्तयाच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायापाशी. मेंढपाळ मेंढरे आणि शेरडे वेगळी करतो तसे न्याय करणारा राजा सर्व राष्ट्रांतील लोकांना उजवीकडे आणि डावीकडे वेगळे करतो, आणि डावीकडच्यांवर चोरीचा, खुनाचा किंवा व्यभिचाराचा एकही आरोप ठेवत नाही. मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिले नाही. आजारी होतो, तुरुंगात होतो, तुम्ही माझा समाचार घेतला नाही, एवढेच तो म्हणतो. त्याहून विलक्षण हे की उजवीकडचे, म्हणजे ज्यांनी ही मदत केली तेही, तितकेच चकित होतात, कारण आपण राजाची सेवा करत होतो हे त्यांच्या गावीही नव्हते. हिशेबाची जाणीव ठेवून जगायचे म्हणजे पुण्याची खतावणी भरत बसायचे, असा समज हा एक अध्याय वाचला तरी टिकत नाही.

लूकने आपल्या शुभवर्तमानात सांगितलेला जकातदार जक्कय मला याचा उत्तम दाखला वाटतो. येशू त्याच्या घरी आधी जातो आणि त्यानंतर जक्कय उभा राहून सांगतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर चौपट परत करतो. हा क्रम महत्त्वाचा आहे. स्वीकारला गेलेला माणूस स्वतःहून वह्या उघडतो, आणि नुसता पश्चात्तापाचा उद्गार काढून न थांबता ज्याचे घेतले त्याच्या हाती परत देण्याची भाषा करतो.

काही उपदेशक न्यायाच्या दिवसाचा धाक घालून लोकांना सभेत बसवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ज्यांची मजुरी दाबून ठेवली गेली त्या शेतमजुरांचा आक्रोश देवाच्या कानी गेला आहे, असे याकोब नव्या करारातील आपल्या पत्रात धनवानांना सुनावतो. ज्याला कोणत्याही न्यायालयात दाद मिळाली नाही, अशा माणसाला न्यायाचा दिवस ही धमकी वाटत नाही. त्याच्यासाठी तोच मोठा आधार असतो.

या विषयाचे वाचन सुरू करायचे असल्यास प्रकटीकरण या बायबलच्या शेवटच्या पुस्तकाऐवजी रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय आधी वाचावा, असे मी सुचवीन. खाण्यापिण्यावरून आणि सणवारांवरून एकमेकांना दोषी ठरवणाऱ्या विश्वासणाऱ्यांना पौल तेथे देवाच्या न्यायासनाची आठवण देतो, आणि ती देण्यामागे त्यांनी आपल्या भावाचा न्याय करणे थांबवावे हाच त्याचा हेतू आहे.