मजुरीवरही टॅक्स? गॅरेजचे कागद करण्याआधी हे बघा

प्रश्न: नमस्कार ताई. आम्ही नॉर्थ कॅरोलिनात केरीला राहतो. माझे यजमान इतकी वर्षं दुसऱ्यांच्या गॅरेजात मेकॅनिक म्हणून राबले. आता इथलंच, गाड्या उचलायच्या दोन लिफ्ट असलेलं एक जुनं गॅरेज आम्ही विकत घेतोय. पुढच्या महिन्यात कागद व्हायचे आहेत, हिशेब मी बघणार आहे. जुन्या मालकांची बिलं चाळली तर पार्ट्सवर सेल्स टॅक्स लावलेला दिसतो, लेबरवर नाही. विचारलं तर म्हणाले, "लेबरवर टॅक्स नसतो, मी कधीच घेतला नाही." डॅलसला माझ्या दिरांचं गॅरेज आहे, तेही हेच सांगतात. यजमान म्हणतात, लागत असलाच तर आपण खिशातून भरू, गिऱ्हाईक तुटायला नको. काय करावं?
— एक वाचक, केरी

उत्तर: आधी एक गोष्ट. कागदांवर सही करू नका. निदान या उत्तराच्या शेवटापर्यंत तरी थांबा.

तुमचे दीर खोटं बोलत नाहीत. टेक्सासमध्ये गाडीच्या दुरुस्तीचं लेबर बिलात वेगळं दाखवलं तर त्यावर सेल्स टॅक्स लागत नाही, फक्त पार्ट्सवर लागतो. त्याच टेक्सासमध्ये कॉम्प्युटर दुरुस्त केला तर मात्र मजुरीवरही लागतो. कॅलिफोर्नियात दुरुस्तीची मजुरी करमुक्त, न्यूयॉर्कमध्ये करपात्र. प्रत्येक राज्याचा कायदा स्वतःचा, त्यामुळे या विषयात नातेवाइकाचा सल्ला राज्याची सीमा ओलांडली की चालत नाही.

नॉर्थ कॅरोलिनातही पूर्वी बिलात वेगळ्या दाखवलेल्या दुरुस्तीच्या मजुरीवर टॅक्स नव्हता. १ मार्च २०१६ पासून पार्ट्स विकणाऱ्या दुकानांच्या दुरुस्तीवर, देखभालीवर आणि बसवण्याच्या कामावर तो लागू झाला, आणि १ जानेवारी २०१७ पासून माल न विकता फक्त काम करणारेही त्यात आले. जुने मालक बहुधा त्याआधीच्या सवयीनेच बिलं करत राहिले. पण सवय ही काही सबब होत नाही.

रकमेत फरक किती पडतो ते बघा. केरी वेक काउंटीत येतं, तिथला दर ७.२५ टक्के: राज्याचे ४.७५, काउंटीचे २ आणि ट्रान्झिटचा, म्हणजे सार्वजनिक वाहतुकीसाठीचा, अर्धा. समजा ब्रेकचं काम आलं. पॅड आणि रोटर १८० डॉलर, लेबर २२० डॉलर. जुने मालक फक्त १८० वर घ्यायचे, म्हणजे १३ डॉलर ५ सेंट. कायद्याने घ्यायचा पूर्ण ४०० वर, म्हणजे २९ डॉलर. एका गाडीमागे जवळपास १६ डॉलर कमी गोळा झाले. आणि गॅरेजच्या धंद्यात लेबर हाच बिलाचा मोठा भाग असतो. असे १६-१६ डॉलर दिवसाला कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं साठत गेलेत.

आता सही का थांबवायला सांगितली ते सांगते. नॉर्थ कॅरोलिनात चालता धंदा विकत घेणाऱ्यावर एक जबाबदारी असते. विकणाऱ्याचा सेल्स टॅक्स थकलेला असेल, तर तेवढे पैसे त्याला देण्याच्या रकमेतून अडवून ठेवायचे. त्याने टॅक्स भरल्याची पावती किंवा काही देणं नसल्याचं राज्याच्या महसूल खात्याचं प्रमाणपत्र आणून दिलं की मगच ते सोडायचे. तसं न करता पूर्ण पैसे मोजले तर ती थकबाकी खरेदीदाराच्या अंगावर येऊ शकते. इथे तर विकणारा स्वतःच्या तोंडाने सांगतोय की मी कधी घेतलाच नाही! वकिलाला हे वाक्य जसंच्या तसं सांगा. प्रमाणपत्राची अट करारात लिहून घ्या आणि ते हातात येईपर्यंत रकमेचा काही भाग एस्क्रोमध्ये, म्हणजे त्रयस्थाच्या ताब्यातल्या खात्यात, ठेवा. जुने मालक दुखावतील, "आमच्यावर विश्वास नाही का" म्हणतील. दुखावू देत. तुमची आयुष्यभराची बचत त्यात जाणार आहे.

आता यजमानांच्या खिशातून भरण्याबद्दल. समजा तुमचं लेबर तासाला १२० डॉलर आहे आणि टॅक्स त्यातच धरला. म्हणजे तुमच्या हातात राहतात १११ डॉलर ८९ सेंट. उरलेले आठ डॉलर गेले ते नफ्यातून, कारण भाडं, विमा, पगार यांतलं काहीच कमी होत नाही. छोट्या गॅरेजला हे वर्षभर झेपत नाही. मी लहान दुकानांचे हिशेब सांभाळते. मला दिसतं ते असं, की गिऱ्हाईक टॅक्समुळे क्वचितच तुटतं. ते तुटतं फोनवर ४०० सांगून काउंटरवर ४२९ मागितले की. म्हणून अंदाज देताना पहिल्याच वाक्यात "टॅक्स धरून" आकडा सांगा. बिलावर पार्ट्स, लेबर आणि टॅक्स अशा तीन ओळी स्वच्छ दिसू द्या. "मजुरीवर कसला टॅक्स?" असं कुणी विचारलंच तर शांतपणे सांगा, की हे आमचे पैसे नाहीत, राज्याचे आहेत, आम्ही फक्त गोळा करतो.

आणि ते खरोखरच तुमचे नाहीत. गोळा केलेला टॅक्स तुमच्याकडे राज्याची ठेव म्हणून असतो. तो भाड्यात किंवा पगारात वापरला आणि मग भरायला पैसे उरले नाहीत, तर एलएलसी (मर्यादित जबाबदारीची कंपनी) असली तरी जबाबदार व्यक्तीकडून वैयक्तिक वसुली होते. अशा प्रकरणांत अपहाराचे खटलेही भरले गेले आहेत. म्हणून बँकेत वेगळं खातं उघडा आणि दर सोमवारी मागच्या आठवड्याचा टॅक्स तिकडे वळवा. तुमच्या उलाढालीला बहुधा दरमहा रिटर्न लागेल: फॉर्म ई-५००, पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत.

या राज्याची एक गोष्ट मला मनापासून खटकते. वेळेवर भरणाऱ्या दुकानदाराला टेक्सास अर्धा टक्का सूट देतं, नॉर्थ कॅरोलिना काहीच देत नाही. वर कार्ड कंपनी आपलं शुल्क टॅक्सच्या रकमेवरही कापून घेते. मोठ्या साखळी दुकानांना हे जाणवतही नाही, दोन लिफ्टच्या गॅरेजला जाणवतं. लेबरचा दर ठरवताना हा खर्च विसरू नका.

रोजच्या कामातले काही बारकावे. गाडी तपासून बिघाड शोधण्याचं डायग्नोस्टिक शुल्कही करपात्र आहे, पुढे गिऱ्हाइकाने काम करून घेतलं नाही तरी. कायद्याने सक्तीचं वार्षिक इन्स्पेक्शन मात्र बिलात वेगळं दाखवलं तर करमुक्त. पार्ट्स घेताना सप्लायरला फॉर्म ई-५९५ई द्या, म्हणजे विकायच्या मालावर तुम्हाला टॅक्स पडणार नाही. ट्रान्समिशनचं काम बाहेर सब्लेट देत असाल तर त्या दुकानालाही तोच फॉर्म द्या, नाहीतर एकाच कामावर दोनदा टॅक्स जाईल. पाने, स्कॅनर, हात पुसायची फडकी ही तुमच्याच वापराची, त्यांवर टॅक्स भरायचाच. यजमान कुणाच्या घरी जाऊन गाडी दुरुस्त करणार असतील तर त्या काउंटीचा दर लागेल. डरममध्ये तो ७.५ टक्के आहे.

आपल्या लोकांत हमखास निघणारा एक विषय राहिला. मंदिराची व्हॅन येईल आणि कमिटीतले काका म्हणतील, "आम्ही नॉन-प्रॉफिट, आम्हाला टॅक्स लावू नका." नम्रपणे लावा. इथे अशा संस्था आधी टॅक्स भरतात आणि मग फॉर्म ई-५८५ भरून सहामाही परतावा मागतात. तुमच्या बिलावर टॅक्स वेगळा दिसला नाही तर त्यांना तो मागताही येणार नाही, हे काकांना सांगा.

प्रश्न: मी घरी कपड्यांचं अल्टरेशन करते, ड्रेसचं फिटिंग, उसवलेली शिवण वगैरे. मलाही मजुरीवर टॅक्स घ्यावा लागेल का?
— एक वाचक, मॉरिसव्हिल

उत्तर: नाही. कपड्यांचं अल्टरेशन आणि दुरुस्ती नॉर्थ कॅरोलिनात करमुक्त आहे. बेल्ट आणि बूट-चपला या सवलतीत येत नाहीत, ती कामं घेत असाल तर त्यांच्यावर टॅक्स घ्या.