पाच हजारांत एअरब्रश सुरू करता येईल का? कोकणातल्या दमट हवेत काय सांभाळावं?

तुम्ही विचारलंय की रत्नागिरीत राहता, पाच हजारांच्या वर जाता येत नाही, आधी छोट्या गाड्यांची मॉडेलं आणि पुढेमागे घरचा गणपती रंगवायचाय, तर सुरुवात कशी करावी. एवढ्या पैशांत नक्की होते. एअरब्रश म्हणजे दाबलेल्या हवेने रंग फवारणारा, पेनासारखा हातात धरायचा ब्रश. फक्त ब्रशवर कमी आणि हवेवर जास्त खर्च करा.

मी कुडाळकडचा. आमच्या वाडीतल्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या कारखान्यात, लहानपणापासून जातो. स्वतःचा एअरब्रश घेतला त्याच श्रावणात एका शाडूच्या मूर्तीच्या गालावर रंग मारत होतो. अंगाचा रंग मऊसूत बसत आला होता आणि नळीतून पाण्याचा एक थेंब फुर्रकन बाहेर आला. ओल्या रंगात मध्ये पांढरा ठिपका, भोवती गडद कडं. गाल घासून पुन्हा पांढरा हात द्यावा लागला, तो वाळायला पावसात दोन दिवस गेले. पाट नेणारं घर वाट बघत होतं, फार वाईट वाटलं.

ब्रश चांगलाच होता, पाणी आपल्या हवेत होतं. दमट हवा दाबली की ती तापते, मग नळीत थंड होते आणि तिच्यातली वाफ पाणी होऊन सुटते. म्हणून दाब कमी-जास्त करणारा रेग्युलेटर आणि त्याच्या खालचं पाणी धरणारं काचेच्या भांड्यासारखं फिल्टर, ही जोडी आधी घ्या. ती कॉम्प्रेसरला, म्हणजे हवा दाबणाऱ्या यंत्राला, चिकटून लावू नका. मध्ये दोन-तीन मीटर नळी सोडा, म्हणजे हवा निवते आणि पाणी फिल्टरमध्येच पडतं.

आता हवा आणायची कुठून? टाकीवाला छोटा कॉम्प्रेसर तुमच्या बजेटात बसणार नाही आणि बिनटाकीचा घेऊ नये असं माझं मत. त्याची हवा ठोके देत येते, तो लवकर तापतो आणि पाणीही जास्त सोडतो. मी पहिलं वर्ष गाडीच्या स्टेपनीवर काढलं. रिमवर चढवलेला चांगला टायर, त्यात गाडीला लागते तेवढीच, म्हणजे ३०-३५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा. वॉल्व्हवर आट्यांनी बसणारा, आतली पिन दाबून धरणारा कनेक्टर, पुढे नळी, मग रेग्युलेटर-फिल्टर, मग ब्रश. आवाज अजिबात नाही आणि पावसात लाईट गेली तरी काम चालू. ट्रिगर सतत दाबला तर चार-पाच मिनिटांत दाब उतरतो, पण मॉडेलवर आपण थोडं थोडंच मारतो, त्यामुळे रंगाचा एक हात होईपर्यंत हवा पुरते. मग पायपंपाने पुन्हा भरायची. पंक्चरवाल्याकडून भरलीत तर त्याच्या टाकीतलं पाणी आणि तेलही येतं, म्हणून फिल्टर तेव्हाही हवंच. रिमशिवाय नुसती ट्यूब कधीही वापरू नका, ती फुगत जाऊन फुटते.

ब्रश डबल ॲक्शनच घ्या: खाली दाबला की हवा, मागे ओढला की रंग. वरच्या बाजूला रंगाचं भांडं आणि ०.३ मिमी नोझल, म्हणजे रंग बाहेर येतो ते बारीक तोंड. साधा चिनी ब्रश मला हजार-दीड हजारात मिळाला, आजही चालतोय. ब्रशची आटी बहुतेक वेळा १/८ इंची असते आणि रेग्युलेटरची १/४ इंची, तेव्हा मधला अडॅप्टर त्याच ऑर्डरमध्ये मागवा. माझा आठवडा त्या एका पितळी तुकड्यापायी गेला होता.

रंग पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक, दुधाइतका पातळ आणि नायलॉनच्या जुन्या मोज्यातून गाळलेला. गाळणं टाळलंत तर नोझल हमखास तुंबते. दाब १५ ते २० पीएसआय. रंगाला कोळ्याच्या पायांसारखे ओघळ फुटले तर रंग फार पातळ झालाय किंवा ब्रश फार जवळ आहे. फवारा दाणेदार आला तर रंग जाड आहे, नाहीतर दाब कमी पडतोय. मास्क लावा, पाण्याचा रंग असला तरी त्याची धूळ छातीत जाते. थिनरचे रंग सध्या नकोच, त्याला वाफ शोषणाऱ्या कार्ट्रिजचा वेगळा मास्क लागतो.

काम संपलं की भांड्यात पाणी घालून स्वच्छ येईपर्यंत मारा, सुई मागून काढून ओल्या फडक्याने पुसा. सुईचं टोक वाकलं की फवारा कायम एका बाजूला जातो, म्हणून तिथे घाई करू नका. खाऱ्या हवेत आट्यांना गंज धरतो. ब्रश कोरडा करून झाकणाच्या डब्यात ठेवा.

पहिले पंधरा दिवस मॉडेलला हात न लावता जुन्या पेपरवर ठिपके आणि रेघा काढा. पुढे पैसे जमले की तीन लिटर टाकीचा कॉम्प्रेसर घ्या आणि टाकीखालचा नळ रोज सोडा. आषाढात माझ्याकडे चमचा-दोन चमचे पाणी निघतं.