प्रतिकृती कोणत्या दिवसाची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

युद्धनौकांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृतींवर याच सदरात लिहिताना, प्रत्येक प्रतिकृती ही त्या नौकेच्या आयुष्यातल्या एका ठरावीक दिवसाची असावी, असे मी म्हटले होते. त्यावर बरीच पत्रे आली. काहींनी त्याचा अर्थ विचारला, काहींनी ते पटत नसल्याचे कळवले, तर या छंदाकडे नव्याने वळलेल्या वाचकांनी सुरुवातीच्या अडचणी मांडल्या. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले आहेत.

प्रश्न : आजवर मी 1/72 प्रमाणातील विमाने बनवली. आता युद्धनौका बनवावी असे वाटते, परंतु 1/700 घ्यावे की 1/350, हे ठरत नाही. सुरुवातच एखाद्या नामांकित, मोठ्या बॅटलशिपने केली तर चालेल का?

उत्तर : जपानी निर्मात्यांनी 1971 साली एकत्र येऊन पाणरेषेपर्यंतच्या, म्हणजे पाण्याखालचा भाग नसलेल्या नौकांची मालिका 1/700 प्रमाणात सुरू केली आणि हे प्रमाण रुळले. 263 मीटर लांबीची जपानी बॅटलशिप यामातो या प्रमाणात साडेसदतीस सेंटिमीटरची होते आणि पुस्तकांच्या कप्प्यात मावते. 1/350 मध्ये तीच पाऊण मीटरची होते. लांबी दुप्पट झाली की पृष्ठभाग चौपट होतो आणि तेवढा पृष्ठभाग घासायचा, भरायचा आणि रंगवायचा असतो, ही गोष्ट सुट्या भागांचा संच विकत घेताना सहसा लक्षात येत नाही.

विमानात एकाच नमुन्याचा भाग दोन-चार वेळा येतो. बॅटलशिपमध्ये तो दहा, वीस, पन्नास वेळा येतो. यामातोवर अखेरच्या काळात 25 मिलिमीटरच्या विमानवेधी तोफांच्या नळ्याच दीडशेच्या आसपास होत्या. त्या सगळ्या कापून, साफ करून, एका रेषेत बसवताना अनेकांचा धीर सुटतो आणि पहिलीच नौका खोक्यात परत जाते. म्हणून माझा सल्ला असा, की पहिली नौका 1/350 मधील विनाशिका, म्हणजे लहान, वेगवान युद्धनौका, असावी. अमेरिकेच्या फ्लेचर वर्गातील 175 विनाशिका बांधल्या गेल्या. त्यांची लांबी जवळजवळ 115 मीटर असल्याने प्रतिकृती तेहतीस सेंटिमीटरची होते. पाच तोफा, टॉर्पेडोच्या पाच-पाच नळ्यांचे दोन संच आणि दोन धुरांडी एवढा तिचा मुख्य पसारा आहे. हल, म्हणजे नौकेचे मुख्य अंग, जोडणे, सांधे बुजवणे, डेक आणि उभ्या भिंती वेगवेगळ्या रंगांत रंगवणे हे सगळे शिक्षण तिच्यात मिळते आणि भाग हाताळता येण्याइतके मोठे असतात.

प्रश्न : जर्मन बॅटलशिप बिस्मार्कची प्रतिकृती मी खोक्यावरील चित्राप्रमाणे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांसह रंगवली आणि तळपट्टीवर 'हूडशी लढताना' असे लिहिले. एका मित्राने पट्टे चूक असल्याचे सांगितले. चित्र चुकीचे मानायचे का?

उत्तर : चित्र बरोबर आहे आणि आपल्या मित्राचे म्हणणेही बरोबर आहे. 'एका दिवसाची प्रतिकृती' म्हणजे काय, ते आपल्या प्रश्नातून जितके स्पष्ट होते तितके मला स्वतंत्र लेख लिहूनही करता आले नसते.

बिस्मार्क 24 ऑगस्ट 1940 रोजी नौदलात दाखल झाली आणि 27 मे 1941 रोजी बुडाली. नऊ महिन्यांचे हे आयुष्य, पण रंग एकच राहिला नाही. बाल्टिक समुद्रातून अखेरच्या मोहिमेवर निघताना तिच्या अंगावर ते पट्टे होते. 21 मे रोजी ती नॉर्वेमधील बर्गनजवळच्या खाडीत थांबली, तेव्हा खलाशांनी पट्ट्यांवर करडा रंग चढवला. तिच्याशी लढताना ब्रिटिश युद्धनौका हूड बुडाली 24 मे रोजी. म्हणजे आपली प्रतिकृती 20 मेची असेल तर ती अचूक आहे, आणि 24 मेची असेल तर तिच्यावर पट्टे दिसता कामा नयेत. रंग खरवडण्याची काहीच गरज नाही. तळपट्टीवरील मजकूर बदलला की काम झाले.

रंगापलीकडे नौकेची शस्त्रेही बदलतात. त्याच लढाईत असलेल्या ब्रिटिश प्रिन्स ऑफ वेल्सवर मे 1941 मध्ये विमानविरोधी रॉकेट सोडणारे खोकेवजा क्षेपक होते. लढाईनंतरच्या दुरुस्तीत ते काढून त्यांच्या जागी आठ नळ्यांच्या पॉम-पॉम या विमानवेधी तोफा बसवल्या गेल्या. ऑगस्टमध्ये चर्चिल रूझवेल्टना भेटायला अटलांटिक ओलांडून गेले ते याच बदललेल्या नौकेतून, आणि 10 डिसेंबर 1941 रोजी मलायाच्या किनाऱ्यापलीकडे जपानी विमानांनी बुडवली तीही हीच. मेमधील रॉकेट क्षेपक ठेवून डिसेंबरमधील नौका बनवली, तर समुद्रावर कधीच नसलेली नौका तयार होते.

म्हणून मी आधी तारीख ठरवतो, मग त्या तारखेच्या शक्य तितक्या जवळची छायाचित्रे जमवतो आणि संच त्यानंतर उघडतो. छायाचित्रांविषयी एक सावधगिरी बाळगावी. त्या काळातील अनेक कृष्णधवल फिल्म लाल रंगाला प्रतिसाद देत नसत, त्यामुळे लाल भाग काळपट आणि निळा भाग फिकट उमटत असे. रेषा, आकार आणि शस्त्रांच्या जागा छायाचित्रावरून ठरवाव्यात. नेमकी छटा मात्र नौदलांच्या रंगविषयक आदेशांवरूनच ठरवावी.

प्रश्न : 1/700 मधील क्रूझरला (मध्यम आकाराच्या युद्धनौकेला) पितळी कठडे आणि सर्व दोर लावावेत की नाही? माझ्या परिचयाचे एक अनुभवी छांदिष्ट म्हणतात, की कठड्याशिवाय नौका अपुरी दिसते.

उत्तर : त्यांच्या अनुभवाचा मान राखूनही मी वेगळे मत देतो, आणि ते आकडेमोडीवर आधारलेले आहे. रासायनिक प्रक्रियेने कोरलेला पितळी पत्रा साधारण 0.1 मिलिमीटर जाडीचा असतो. सातशेने गुणले की सात सेंटिमीटर होतात. खऱ्या नौकेच्या कठड्यात सात सेंटिमीटर जाडीच्या आडव्या दांड्या नसत. बहुतेक ठिकाणी बोटभर जाडीची तार किंवा साखळी असे. म्हणजे कठड्याची उंची अचूक असली, सुमारे दीड मिलिमीटर, तरी जाडी कितीतरी पट जास्त होते. माणसाचा केस घेतला तरी तो या प्रमाणात पाच सेंटिमीटर जाडीचा दोरखंड ठरतो. 1/350 मध्ये हीच तफावत निम्मी होते, म्हणून तेथे मी कठडे आनंदाने लावतो. 1/700 मध्ये फक्त नाळेवर, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाला, आणि पिछाडीला, जेथे कठड्याची रेषा मोकळ्या पार्श्वभूमीवर दिसते तेथेच लावतो.

दोरांच्या बाबतीत मी एकदा मोठी चूक केली. एका क्रूझरच्या दोन्ही डोलकाठ्यांमध्ये आराखड्यात दाखवलेला प्रत्येक दोर मी सुती धाग्याने लावला. सहा संध्याकाळी त्यात गेल्या. रंगाचा हात फिरताच धाग्याची लव उभी राहिली आणि प्रत्येक दोराला केस फुटल्यासारखे दिसू लागले. शिवाय ताणामुळे मागची डोलकाठी वाकली. सगळे धागे कापून काढले आणि फक्त सात ठेवायचे ठरवले, तेही प्लॅस्टिकचे.

ही प्लॅस्टिकची तार घरी ओढता येते. भाग ज्या चौकटीला जोडलेले असतात, तिचा वीतभर तुकडा दोन्ही हातांत धरून मेणबत्तीच्या ज्योतीच्या बोटभर वर, ज्योतीला न लावता, सावकाश फिरवत राहावा. मधला भाग आधी चकाकतो आणि मग किंचित झुकतो. तो झुकला की ज्योतीवरून बाजूला घ्यावा, मनात एक-दोन म्हणावे आणि मग ओढावे. लगेच ओढले तर तुटते, उशीर झाला तर जाड राहते. ओढण्याचा वेग जितका जास्त तितकी तार बारीक येते, आणि ती थंड होईपर्यंत हातांतला ताण सैल करायचा नाही. दहा प्रयत्नांत दोन चांगल्या तारा आल्या तरी पुष्कळ झाले. तार आधी मोजून कापावी, टोकांना टाचणीच्या अग्राने पांढऱ्या गोंदाचा ठिपका द्यावा आणि गोंद पूर्ण वाळल्यावर, तार सैल वाटली तर, पेटत्या उदबत्तीचे टोक तिला न लावता जवळून न्यावे. तार आपोआप ताठ होते. टोक क्षणभर थांबले तर मात्र ती तुटते.

प्रश्न : 1/350 मधील पूर्ण हल असलेल्या बिस्मार्कमध्ये मोटार बसवून ती तळ्यात चालवता येईल का?

उत्तर : चालेल, पण खरी दिसणार नाही. लांबी 350 पट कमी होते तेव्हा वजन 350च्या घनाने, म्हणजे सव्वाचार कोटींहून अधिक पटींनी कमी व्हावे लागते. पूर्ण भारासह सुमारे 50,000 टनांची बिस्मार्क या प्रमाणात जेमतेम 1.2 किलोची होते. तेवढ्या वजनात हल, मोटार, बॅटरी आणि नियंत्रक बसवायचे आणि वजन कमी पडले तर ते शिशाने तळाशीच भरायचे. वरच्या बांधकामात थोडे जरी जास्त झाले तरी नौका कलंडते. विल्यम फ्रूड या ब्रिटिश अभियंत्याने 1870च्या दशकात टॉर्की येथे लांब हौद बांधून नौकांच्या प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि असा नियम मांडला, की लाटांचा आकृतिबंध जुळायचा असेल तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा. त्या हिशेबाने बिस्मार्कचा 30 नॉटचा वेग येथे सेकंदाला सुमारे ऐंशी सेंटिमीटर भरतो. त्याहून जोरात चालवली तर ती मोटारबोटीसारखी नाळ उचलून धावते. शिवाय पाणी प्रमाणात लहान होत नाही. एका सेंटिमीटरची साधी लहर या नौकेला साडेतीन मीटरची लाट वाटते. पाण्यावर चालवण्यासाठी 1/200 किंवा त्याहून मोठे प्रमाण घ्यावे आणि ही नौका कपाटात ठेवावी.

प्रश्न : अधिकृत छटेचाच करडा रंग वापरूनही माझी नौका फार गडद दिसते.

उत्तर : खरी नौका आपण शेकडो मीटरवरून पाहतो आणि मधली हवा रंग फिकट करते. प्रतिकृती हातभर अंतरावर असते. 1/700 मध्ये मी मूळ छटेत पाचवा हिस्सा पांढरा मिसळतो आणि शेवटचा थर पूर्णपणे मॅट ठेवतो.

प्रश्न : रेझिनचे (साच्यात ओतून घट्ट केलेल्या राळेचे) भाग घासताना मुखपट्टी खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर : होय. ती धूळ फुप्फुसात जाऊ देऊ नये. बारीक धूळ अडवणारी मुखपट्टी लावावी आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवूनच घासावे.

प्रश्न : माझे वडील गेल्या वर्षी वारले. त्यांच्या कपाटात 1/600 मधील हूड अर्धी बांधलेली सापडली. डेकल (पाण्यात भिजवून चिकटवायची चित्रे) पिवळे पडले आहेत आणि तोफांचा एक बुरूज त्यांनी ब्रशने रंगवलेला आहे. मी आजवर काहीही बांधलेले नाही. ती पूर्ण करावी, की तशीच ठेवावी?

उत्तर : पूर्ण करा. ठेवून दिलेल्या अर्धवट संचातील लहान भाग हळूहळू हरवत जातात. आधी सर्व भाग सूचनापत्रकाशी ताडून पाहावेत. जुने सांधे हलक्या हाताने दाबून तपासावेत. जे सैल असतील ते उघडून पुन्हा चिकटवावेत, जे पक्के असतील त्यांना हात लावू नये. डेकलचा कागद पारदर्शक पिशवीत घालून काही आठवडे खिडकीच्या काचेला, उन्हाच्या बाजूने चिकटवला तर पिवळेपणा बराच उतरतो. मात्र जुने डेकल पाण्यात पडताच त्यांचे तुकडे होऊ शकतात, म्हणून त्यांच्यावर आधी पारदर्शक वॉर्निशचा पातळ थर द्यावा आणि नको असलेल्या एखाद्या डेकलवर प्रयोग करून पाहावा.

वडिलांनी तारीख ठरवली होती का, ते त्यांच्या वह्यांत किंवा सूचनापत्रकाच्या समासात शोधावे. काही सापडले नाही, तर त्यांनी त्या बुरुजाला दिलेला करडा रंग कोणत्या काळाशी जुळतो ते पाहून तीच तारीख धरावी आणि उरलेली नौका त्या छटेत रंगवावी. त्या बुरुजावर मात्र नवा थर चढवू नये. त्याच्याभोवती कागदी चिकटपट्टी लावून तो झाकावा आणि बाकी सगळे रंगवून झाले की पट्टी काढावी.