शिवसागराकाठची गावनावे : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : कोयना धरणात गाव गेल्यावर आजोबा सांगली जिल्ह्यात आले. मूळ गाव 'बामणोलीच्या बाजूचे दरे', एवढेच घरात सांगतात. ते कागदावर कसे शोधावे? (विटा)

उत्तर : नुसत्या 'दरे' या नावावर शोध सुरू करू नका. डोंगराच्या खोलगटातल्या वस्तीला दरे म्हणण्याची रीत असल्याने या नावाची गावे सातारा जिल्ह्यात बरीच आहेत. दरे खुर्द सातारा शहराला लागून आहे, दरे तांब शिवसागराकाठी, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाकाठी, महाबळेश्वर तालुक्यात. बामणोलीचेही तसेच. जलाशयाकाठची ती बामणोली कसबे. त्याच जावळी तालुक्यात बामणोली तर्फ कुडाळ हे वेगळे गाव आहे. तर्फ म्हणजे जुना महसुली विभाग. अर्जात 'कसबे', 'तर्फ', 'खुर्द' हे शब्द गाळले की दुसऱ्याच गावाचे उतारे हाती पडतात आणि आडनावे जुळत नाहीत म्हणून माणूस शोध सोडून देतो.

सुरुवात पुनर्वसनात मिळालेल्या जमिनीपासून करा. तिचा सर्वांत जुना फेरफार, म्हणजे हक्कबदलाची नोंद, काढा; जमीन कशापोटी मिळाली ते त्यात असते आणि बहुधा मूळ गावही. घरात प्रकल्पग्रस्त दाखला असेल तर तो पाहा. आजोबा शाळेत गेले असतील तर शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मागा. गावाचे पूर्ण नाव हाती आले की तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करा. कडईपत्रक (जमिनीच्या जुन्या नोंदींचा कागद), जुने सातबारा आणि जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना 14, असे तिन्ही मागावे. या नोंदवहीला कोतवाल बुक म्हणतात. तिची जुनी पाने मोडीत असतात, तेव्हा मोडी वाचणारा सोबत असू द्या. पूर्वी जावळीत मोडणारी कित्येक गावे आज महाबळेश्वर तालुक्यात आहेत, म्हणून महाबळेश्वरला कागद नाही म्हटले तरी मेढ्याला, म्हणजे जावळीच्या तहसिलीत, विचारल्याशिवाय थांबू नका. धरणाजवळच्या गावांसाठी पाटण.

कागदाला नकाशाची जोड हवीच. भारतीय सर्वेक्षण विभागाचे एक इंचाला एक मैल या प्रमाणाचे जुने नकाशे मिळवा. हा मुलूख 47 जी या गटात येतो. आवृत्ती 1960 च्या आधीची असावी, कारण नंतरच्या नकाशांत गावांच्या जागी पाणी दिसते. जुना नकाशा नव्यावर बसवताना नदीकाठ आणि रस्ते धरू नका, ते दोन्ही बदलले. वासोट्यासारखा किल्ला आणि डोंगरांची शिखरे धरा. अशी निदान तीन ठिकाणे जुळली, तरच गावाच्या जागेवर बोट ठेवता येते.

प्रश्न : बामणोली म्हणजे 'बामणांची ओली जमीन' असे ऐकले. खरे का? (मेढा)

उत्तर : नाही. शेवटचे 'ओली' ओलाव्याचे नाही. वस्तीला पल्ली म्हणत. तिचेच घाटमाथ्यावर आणि कोकणात वली, ओली झाले. इंदवली, आंबवली या नावांशेजारी बामणोली ठेवून पाहा, लगेच ध्यानात येईल. एकट्या नावाची फोड केली की गोष्ट तयार होते. आसपासची दहा नावे एकत्र मांडली की रीत दिसते.

गावाच्या नावापेक्षा शेतांच्या नावांत जास्त इतिहास असतो, आणि तिकडे फार थोडे लोक पाहतात याची खंत वाटते. सातबाऱ्यावर 'शेताचे स्थानिक नाव' असा रकाना आहे. संगणकीकृत उताऱ्यावर तो पुष्कळदा कोराच असतो, म्हणून हस्तलिखित सातबारा मागा. एकत्रीकरण योजनेत अनेक सर्व्हे नंबर एका गटात गेले. तेव्हा एका तुकड्याचे नाव सगळ्या गटाला चिकटले किंवा गळून गेले. मेळ घालायला योजनेचा 9(3), 9(4) चा उतारा लागतो. मग त्या नावांची यादी घेऊन गावातल्या जुन्या गुराख्यांकडे जा. आधी नाव त्यांना सांगायला लावा, कागद नंतर दाखवा. उलट केले तर माणसे कागदातलेच नाव परत सांगतात.

प्रश्न : वासोट्याच्या पायथ्याच्या 'मेट इंदवली'तले मेट म्हणजे काय? (सातारा)

उत्तर : गडाच्या वाटेवरची पहाऱ्याची चौकी. तिथे राखणीला असत ते मेटकरी. नावात मेट आले की गडाची जुनी वाट जवळपास शोधावी. गाव आता उठले आहे. हा भाग कोयना अभयारण्यात आहे, त्यामुळे बामणोलीला वन खात्याचा परवाना घेऊन लाँचने जावे लागते. मुक्काम करता येत नाही. पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पाय घालू नका. वरून सुकलेला दिसला तरी आत मऊ असतो.

प्रश्न : शिवसागर, कोयनानगर ही नावे जुनी आहेत का? (पाटण)

उत्तर : दोन्ही धरणाबरोबर आली. जलाशयाचे पूर्ण नाव शिवाजी सागर. धरणाची जागा देशमुखवाडीची, जुने नावाजलेले गाव हेळवाक. तिथेच दक्षिणेकडे वाहणारी कोयना पूर्वेला वळते आणि पुढे कराडला कृष्णेला मिळते. 1956 आधीच्या कागदांत कोयनानगर शोधू नका, हेळवाक शोधा.

प्रश्न : महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाभोवती सगळीकडे इंग्रजी नावेच कशी? (वाई)

उत्तर : गव्हर्नर जॉन माल्कमच्या काळात, 1829 च्या सुमारास, ही जागा सातारकर प्रतापसिंह महाराजांकडून कंपनीकडे गेली आणि वसाहतीला माल्कम पेठ नाव पडले. तलाव मात्र सातारच्या गादीचा : 1842 मध्ये अप्पासाहेब, म्हणजे शहाजी महाराज, यांनी तो बांधवला. इंग्रजी नावांखाली जुनी नावे आहेत. विल्सन पॉइंट ज्या डोंगरावर आहे तो सिंदोळा, आणि केट्स पॉइंट म्हणजे नाकेखिंड. पाट्यांवर ही नावे ठळक अक्षरांत यायला हवीत.

प्रश्न : वतनाच्या कागदावर 'सीत खमसैन मया व अलफ' असे आहे. साल कोणते? (कराड)

उत्तर : हा शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतली अरबी अंकनामांची जुनी वर्षगणना. सीत 6, खमसैन 50, मया 100, अलफ 1000, म्हणजे 1156. वर्ष मृगाला सुरू होते. कागद मृग ते डिसेंबरमधला असेल तर 599 मिळवा, म्हणजे 1755. जानेवारी ते मृगापर्यंतचा असेल तर 600 मिळवा, म्हणजे 1756. फसली, म्हणजे महसुली साल असेल तर याच हिशेबाने 590 किंवा 591. शालिवाहन शक असेल तर चैत्रापासून डिसेंबरअखेर 78, पुढे फाल्गुनापर्यंत 79. कोणती गणना आहे ते ओळखल्याशिवाय बेरीज करू नका. शुहूर आणि फसली यांत नऊ वर्षांचे अंतर पडते, आणि तेवढ्याने वतनदाराची एक पिढी मागेपुढे होऊ शकते.